बोट नेली कोणी, तेही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत काँगो नदीवरच्या बोटीच्या मोहिमेवर पानभर लेख आला. फोटो फार सुंदर होते. लेख मी दोनदा वाचला. पहिल्यांदा नुसत्या आनंदाने, कारण त्या नदीवर मी स्वतः 26 दिवस काढले आहेत आणि मराठी पेपरात किसांगानीचं नाव मी प्रथमच वाचत होतो. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन वाचला. 'निर्मनुष्य' हा शब्द तीनदा आला आहे, 'अज्ञात' दोनदा. मोहिमेवर गेलेल्या चौघांची नावं, वयं, शिक्षण, तंबू कुठून घेतला, बूट कुठले, सगळं आहे. बोट कोणी चालवली ते मात्र कुठेच नाही. 'स्थानिक नावाडी' एवढे दोन शब्द एका ओळीत येऊन जातात.

म्हणून हे पत्र लिहितो आहे. लांबलं तर कापा, पण नावाड्यांबद्दलचं कापू नका, एवढी विनंती.

मी वरळी कोळीवाड्यातला. वडील तांडेल, म्हणजे बोट चालवणारे, होते. माझा हात जाळ्यापेक्षा इंजिनात जास्त रमला, म्हणून पस्तीस वर्षं मुंबई बंदरातल्या दारूखाना भागात बोटींची डिझेल इंजिनं दुरुस्त करण्यात गेली. करोनाच्या आधीच्या वर्षी एका व्यापाऱ्याने मुंबईहून इंजिनं काँगोला पाठवली. ती तिथल्या लाकडी बोटींवर बसवायची आणि पहिल्या खेपेला इंजिनासोबत नदीने खाली यायचं, असं काम होतं. जून महिना होता. आमच्याकडे मासेमारी बंद, बोटी वर ओढलेल्या, आणि मिस्त्रीला हाच खरा कामाचा हंगाम. घरचे नको म्हणत होते. पण वडिलांनी उभ्या आयुष्यात मुंबईबाहेरची खाडी पाहिली नव्हती, आणि मला बोटीने 1,700 किलोमीटर जायला मिळत होतं. मी गेलो.

किसांगानी ते किन्शासा हा तो प्रवास. मुंबईहून दिल्लीला रेल्वेने जातो त्याहून लांब. या दोन शहरांना जोडणारा धड रस्ता नाही, त्यामुळे माणूस, मीठ, साबण, शाळेची वही, सगळं नदीनेच येतं-जातं. किसांगानीच्या वर बोयोमाचे सात धबधबे एकामागे एक आहेत, तिथे बोटीची वाट संपते. किन्शासाच्या खाली पुन्हा धबधबे. मधला हा पट्टा म्हणजेच त्यांचा हमरस्ता. आपल्या लेखात ज्याला निर्मनुष्य म्हटलं आहे, त्याच पट्ट्यावर यांगांबी, इसांगी, बासोको, बुंबा, लिसाला, म्बांडाका अशी गावं-शहरं आहेत. लोमामी इसांगीला येऊन मिळते, अरुविमी बासोकोला. ही नावं मी नकाशात पाहून लिहीत नाही. प्रत्येक ठिकाणी बोट लागली, माल चढला-उतरला आणि मी धक्क्यावर उतरून चहा शोधला.

पहिल्याच दिवशी जे पाहिलं ते आधी सांगतो. किसांगानीला शेवटच्या धबधब्यावर वागेनिया नावाचे मासेमार आहेत. खळाळत्या पाण्यात, खडकांच्या भोकांमध्ये त्यांनी जाडजूड लाकडं रोवलेली असतात, तीन-तीन पायांच्या मनोऱ्यांसारखी, वेलींनी करकचून बांधलेली. त्या लाकडांना माणसाहून मोठ्या, निमुळत्या टोपल्या लटकवतात, तोंड प्रवाहाकडे करून. पाण्याच्या जोराने मासा आत जातो आणि त्याच जोराने आत अडकून पडतो. मी उभ्या जागी खिळलो. ही तर आमची डोल! आम्हीही समुद्रात खुंट रोवतो, पिशवीसारखं जाळं प्रवाहाकडे तोंड करून बांधतो, आणि पाणीच मासे आणून देतं. फरक इतकाच की आमचं पाणी भरतीला एकीकडे आणि ओहोटीला दुसरीकडे वाहतं, त्यामुळे पाणी फिरायच्या आत जाळं ओढावं लागतं. तिथे पाणी परत येतच नाही. रात्रंदिवस एकाच दिशेने. मला ते पहिले दोन-तीन दिवस चमत्कारिक वाटत राहिलं. सकाळी उठून मी ओहोटी शोधायचो.

आमची बोट म्हणजे ज्याला तिथे बालेनियेर म्हणतात ती. लांबलचक लाकडी, वर ताडपत्री, खाली मक्याची पोती, मनिओक नावाच्या कंदाची पोती, धुरावलेल्या मासळीचे भारे, बकऱ्या, कोंबड्या, आणि या सगळ्यावर बसलेली नव्वदएक माणसं. मागे इंजिन आणि मी. सुकाणूवर जे गृहस्थ होते त्यांना सगळे पापा म्हणायचे. तिकडे वडीलधाऱ्या पुरुषाला पापा आणि बाईला मामा म्हणतात, आपण काका-मावशी म्हणतो तसं. मीही पापाच म्हणायला लागलो, वयाने ते माझ्याहून थोडे लहान असूनही. बोटीच्या नाकावर दोन तरुण पोरं लांब काठ्या घेऊन उभी. काठ्यांवर रंगाचे पट्टे. एक डावीकडे काठी बुडवतो, एक उजवीकडे, आणि प्रत्येक वेळी ओरडून मागे ठाव सांगतो. पहाटे अंधार फिटल्यापासून संध्याकाळी बोट किनाऱ्याला बांधेपर्यंत. किन्शासाच्या खाली धबधब्यांच्या पट्ट्यात ही नदी 220 मीटरहून खोल आहे, जगातली सर्वांत खोल नदी. पण जून-जुलैत आमच्या वाटेवर कितीतरी ठिकाणी काठीचा निम्मा भागच भिजत होता. पोरं काठीच्या टोकावरून वाळू लागली की चिखल हेही सांगायची. वडील शिशाचा गोळा दोरीला बांधून सोडायचे आणि हाताला काय लागलं ते सांगायचे, त्याची आठवण झाली.

पहिल्या संध्याकाळी व्यापाऱ्याच्या माणसाकरवी मी पापांना सांगत होतो की माझे वडील बोटीवर होते, आमच्यात बोटीच्या मालकाला, जाणत्या माणसाला नाखवा म्हणतात. तो माणूस भाषांतर करायच्या आधीच पापा वळले. म्हणाले, "नाहोधा?" किसांगानीत लिंगालाबरोबर स्वाहिली चालते, आणि स्वाहिलीत जहाजाच्या कप्तानाला नाहोधा म्हणतात. दोन्ही शब्द फारसीतल्या नाखुदावरून आलेले, हे मला नंतर कळलं. मग आम्ही बसून शब्द मोजले. बंदरला बंदारी. दुकानाला दुका. पैशाला पेसा. गाडीला गारी. व्यापाऱ्याचा माणूस कंटाळून झोपायला गेला, आम्ही दोघे बोटं मोडत बसलो. समुद्रापासून इतक्या आत, जंगलाच्या मधोमध, आमच्या धक्क्यावरचे शब्द माझ्या आधी जाऊन पोचले होते.

आता बुंब्याच्या पुढे काय झालं ते. तिथे नदी कित्येक किलोमीटर रुंद होते आणि असंख्य बेटांमधून फाटत जाते. कुठला फाटा धरायचा हा रोजचा प्रश्न. किनाऱ्यावर पूर्वी दिशा दाखवणाऱ्या पाट्या असायच्या, बऱ्याच ठिकाणी आता त्या उरलेल्या नाहीत. एका दुपारी पापांना डावीकडे जायचं होतं. व्यापाऱ्याच्या माणसाकडे मोबाइलमध्ये उपग्रहाचा नकाशा होता. त्यात उजवा फाटा दुप्पट रुंद दिसत होता. त्याला घाई होती. पापा दोनदा बोलले, मग गप्प झाले, कारण डिझेलचे पैसे त्या माणसाच्या खिशात होते. मीही काही बोललो नाही. नकाशा पाहून मलाही उजवीकडचंच बरोबर वाटलं होतं, हे इथे कबूल करतो. अर्ध्या तासात दोन्ही पोरं एकदमच ओरडली आणि बोट वाळूत बसली. इंजिन उलटं फिरवलं, पंख्याने नुसती वाळू उपसली. नकाशा कुठल्या तरी जुन्या पावसाळ्याचा होता. वाळू या वर्षीची होती.

दोन रात्री तिथे गेल्या. पण संपादक महोदय, मला सांगायचं आहे ते पुढचं. जिथे बसलो तिथे त्या नकाशात एकही ठिपका नव्हता. नुसतं हिरवं. आपल्या लेखातलं निर्मनुष्य म्हणजे नेमकं हेच. सकाळी धुकं उठलं आणि अकरा होडकी आमच्याभोवती होती. एका झाडाच्या खोडातून कोरलेली, उभं राहून वल्हवायची. पुरुष, बाया, दप्तर पाठीला लावलेली दोन मुलं. त्यांनी आमची पोती आपल्या होडक्यांत घेतली, फेऱ्या मारून पलीकडच्या बेटावर रचली, बोट हलकी केली. मग पन्नासएक माणसं छातीभर पाण्यात उतरली आणि एकाच्या आवाजावर सगळ्यांनी रेटा दिला. आमच्याकडे होडी किनाऱ्यावर ओढताना 'हैय्या हो' घालतात, अगदी तसाच आवाज. शब्द कळले नाहीत, पण जोर कुठे लावायचा ते कळलं. मीही पाण्यात होतो. दुसऱ्या संध्याकाळपर्यंत बोट तरंगली. एकही पोतं कमी भरलं नाही.

त्यानंतर मी इंजिनापाशी बसून पापांकडे बघायला लागलो. ते पाण्याकडे कसं बघतात ते बघायला लागलो. वाळूवरचं पाणी बारीक थरथरतं, खोल पाणी तेलासारखं सपाट सरकतं. वळणावर बाहेरच्या काठाशी खोली असते, आतल्या काठाशी गाळ. आणि जलपर्णी. हो, तीच आपली जलपर्णी, जी पवई तलावात आणि उल्हास नदीत माजली आहे. मूळची दक्षिण अमेरिकेतली, आता सगळीकडे. काँगोवर तिचे मोठमोठे तराफे वाहत असतात. या तराफ्यांनी माझा जीव काढला होता. इंजिन थंड ठेवायला पाणी ओढणारा पाइप बाजूने खाली सोडलेला, त्याच्या गाळणीत जलपर्णीची मुळं जाऊन बसायची आणि इंजिन तापायचं. दिवसातून तीन-चारदा इंजिन बंद करून गाळणी साफ. चौथ्या दिवशी एका मामांनी, म्हणजे बोटीवरच्या बाईंनी, माझी धडपड पाहून स्वतःची मासे धरायची वेताची टोपली पुढे केली. ती पाइपच्या तोंडावर उलटी बांधली. टोपलीबाहेर मुळं अडायची, आत स्वच्छ पाणी. किन्शासापर्यंत गाळणी नंतर दोनदाच उघडली. पस्तीस वर्षांच्या मिस्त्रीला ते सुचलं नव्हतं. आणि ज्या जलपर्णीला मी शिव्या घालत होतो तीच पापांची खूण होती. तराफे नेहमी मुख्य प्रवाहावर राहतात. त्यांची माळ ज्या फाट्यात शिरते तिथे खोल पाणी. त्या दिवशी माळ डावीकडे चालली होती. ती आम्हा दोघांच्याही डोळ्यांसमोर होती, मला मात्र ती वाचता येत नव्हती.

अशी ती नदी 'अज्ञात' कशी? तिला ओळखणारी माणसं तिच्यावरच बसली आहेत. पापांना तर ही नदी उन्हाळ्यातही आटत का नाही तेही ठाऊक होतं. ती विषुववृत्त दोनदा ओलांडते, तेव्हा तिच्या उपनद्यांपैकी काही उत्तरेकडे आणि काही दक्षिणेकडे. एका अंगाला पाऊस संपतो तेव्हा दुसऱ्या अंगाला चालू असतो. हे पुस्तकात आहेच. पापांनी ते जमिनीवर काडीने काढून दाखवलं होतं, म्बांडाकाला, जिथून विषुववृत्त जातं तिथे.

2010 साली किसांगानीहून शास्त्रज्ञांची मोठी मोहीम या नदीवर निघाली होती. तिचं नाव त्यांनी लिंगाला भाषेत ठेवलं, 'बोयेकोली एबाले काँगो', काँगो नदीचा अभ्यास. (बोयेकोली या शब्दात 'कोली' ऐकून मी दचकलो होतो. अर्थ वेगळा आहे, पण शब्द लक्षात राहिला तो राहिलाच.) परदेशातून आलेल्या लोकांनी सुद्धा मोहिमेचं नाव नदीवरच्या माणसांच्या भाषेतलं घेतलं, आणि आपल्या लेखात त्या भाषेतला एक शब्दही नाही. साधं 'म्बोते' तरी छापायचं, म्हणजे नमस्कार. धावत्या बोटीला होडकं लावणारी प्रत्येक बाई आधी म्बोते म्हणते. हे होडकं लावणं तुम्ही पाहायला हवं होतं. बोट थांबत नाही. बाई एकटी, पाठीला मूल, पुढ्यात पानांत बांधलेल्या क्वांगाच्या वळकट्या. ती वल्ह्याचे तीन-चार झटके मारते, आमच्या बाजूला घासत येते, आणि आपलं होडकं उलटायच्या आत आमची दोरी पकडते. पकड एका क्षणाने चुकली तर गेली पंख्याखाली. मी दर वेळी श्वास रोखून पंख्याकडे बघायचो. एकदाही चुकली नाही. क्वांगा म्हणजे मनिओक आंबवून, पानात गुंडाळून उकडलेला. आंबूस, घट्ट, चार दिवस टिकणारा. सवय व्हायला मला आठवडा लागला, नंतर भाताची आठवण येईनाशी झाली.

मुंबईच्या पेपराकडून मी ही अपेक्षा का करतो, तेही सांगतो. परत आल्यावर मी दादरच्या ग्रंथसंग्रहालयात जायला लागलो. इंग्रजीतलं होतं ते पुतणीने वाचून सांगितलं. त्यातून जे कळलं ते शाळेत असताना आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

आफ्रिकेत शोधप्रवास करणारा लिव्हिंगस्टन 1864 साली 'लेडी न्यासा' नावाची छोटी आगबोट झांझिबारहून अरबी समुद्र ओलांडून मुंबईला घेऊन आला. तलावात चालवायला बांधलेली बोट, पावसाळा तोंडावर, 45 दिवस. त्याच्यासोबत सुसी, अमोडा, चुमा, विकाटानी ही आफ्रिकी माणसं होती. लिव्हिंगस्टन इंग्लंडला गेला तेव्हा चुमा आणि विकाटानी मुंबईत शाळेत राहिले, आणि सुसी-अमोडा मुंबईच्या गोदीत कामाला लागले. आपल्या गोदीत! मी ज्या भागात आयुष्यभर पाना धरला, त्याच भागात कुठेतरी. नाशिकला शरणपूर रोडने आपण सगळे जातो. त्या शरणपूरच्या मिशनात गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकी मुलं वाढत होती, सुतारकाम-लोहारकाम शिकत होती. त्यातले नऊ तरुण 1866 च्या जानेवारीत लिव्हिंगस्टनबरोबर मुंबईहून निघाले. 1871 मध्ये तो काँगोच्या वरच्या भागापर्यंत, लुआलाबा नदीवरच्या न्यांग्वेपर्यंत पोचला, तेव्हा त्याच्यासोबत मुंबईच्या गोदीतला सुसी होता, मुंबईच्या शाळेतला चुमा होता आणि नाशिकचा गार्डनर होता. तिथे त्यांना होड्या मिळाल्या नाहीत. ही नदी काँगो की नाईल, हेही लिव्हिंगस्टनला शेवटपर्यंत कळलं नाही. 1873 साली तो गेला, तेव्हा सुसी, चुमा आणि सोबतच्या माणसांनी त्याचा देह दीड हजार किलोमीटरहून जास्त वाहून समुद्रकिनाऱ्यावर आणला. त्यांच्यातल्या जेकब वेनराइटने, नाशिकलाच शिकलेल्या, झाडावर लिव्हिंगस्टनचं नाव कोरलं.

आणि सिदी मुबारक बॉम्बे. त्याच्या नावातच आपलं शहर आहे. लहानपणी पकडून विकलेला, भारतात गुलाम म्हणून वर्षं काढलेला, मालक मेल्यावर सुटून आफ्रिकेला परतलेला. 1857 पासून बर्टन आणि स्पीक या शोधप्रवाशांबरोबर. स्पीक त्याच्याशी हिंदुस्थानीत बोलायचा. मग स्पीक आणि ग्रँटबरोबर नाईलच्या उगमापर्यंत, मग 1871 मध्ये स्टॅन्लेबरोबर लिव्हिंगस्टनच्या शोधात, आणि मग कॅमेरॉनबरोबर आफ्रिका खंड पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत, पायी. 1874 साली तोही न्यांग्वेला नदीकाठी उभा होता, आणि कॅमेरॉनलाही होड्या मिळाल्या नाहीत. शेवटी 1876-77 मध्ये स्टॅन्ले त्या नदीने खाली उतरला. त्याच्या बोटीचं सुकाणू उलेदी नावाच्या माणसाच्या हातात होतं. किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंतच्या त्या सगळ्या प्रवासाचे 999 दिवस सगळीकडे लिहिलेले सापडतात. उलेदी सापडायला पुतणीला दोन आठवडे लागले. मुबारक बॉम्बेला लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीने रुपेरी पदक दिलं, पेन्शन दिलं. मुंबईत त्याच्या नावाची पाटी मला कुठे दिसलेली नाही. असेल तर कोणी दाखवावी, मी हार घेऊन जाईन.

अजून एक गोष्ट, आणि ही जिव्हारी लागलेली आहे. एप्रिल 2025 मध्ये म्बांडाकाजवळ एका लाकडी बोटीला आग लागली. बोटीवर स्वयंपाक चालू असताना पेट घेतला असं तेव्हा बातम्यांत आलं. शंभराहून जास्त माणसं गेली, त्यात बायका-मुलं होती. आमच्याही बोटीवर तशाच चुली पेटायच्या, डिझेलच्या पिंपांपासून चार हातांवर. मी रोज ओरडायचो आणि रोज त्याच चुलीवरचा मासा खायचो. बातमी वाचल्यावर मी रात्रभर मोबाइल घेऊन बोटीचं नाव शोधत बसलो. 'एचबी काँगोलो' होतं, आमची नव्हती. सकाळी आपला पेपर उघडला. आतल्या पानावर चार ओळी. मोहिमेला मात्र रंगीत पान मिळालं. मी तक्रारीच्या सुरात लिहीत नाही, जागेचा हिशोब तुम्हालाही ठेवावा लागतो हे समजतं. पण ज्या नदीवर चार माणसं मौजेने गेली तर ती बातमी होते, त्याच नदीवर रोज जाणारी माणसं बुडाली-जळाली तर चार ओळी, हे मनाला पटत नाही.

आमच्या वरळीलाही हे नवीन नाही. सागरी रस्त्याच्या पुलाखालून आमच्या बोटी जायच्या, तिथे खांबांमधलं अंतर 60 मीटर ठेवलं होतं. भरतीच्या वेळी, वारा आडवा असताना, त्या फटीतून बोट कशी फेकली जाते हे आमचे तांडेल सांगत होते. वर्षानुवर्षं सांगत होते. शेवटी आंदोलनं झाली, काम अडलं, आणि अंतर 120 मीटर झालं. मागणी त्याहून जास्तीची होती. त्या काळातल्या बातम्या मी कापून ठेवल्या आहेत. बहुतेकांत अभियंत्यांची नावं आहेत आणि पुढे 'मच्छीमारांचा विरोध'. विरोध करणाऱ्यांना पाण्याबद्दल काही माहिती होती, ती काय होती, हे दोन-तीनच बातम्यांत सापडलं. त्या छापणाऱ्या वार्ताहरांना माझा नमस्कार.

तेव्हा माझं मागणं मोठं नाही. पुढच्या वेळी नदीवरच्या, समुद्रावरच्या, हिमालयातल्या सुद्धा मोहिमेचा लेख आला, तर लिहिणाऱ्याला एवढं विचारा: सुकाणूवर कोण होतं? ठाव कोण घेत होतं? त्यांची नावं मिळतील का? मिळाली तर पहिल्या परिच्छेदात छापा. 'निर्मनुष्य' लिहायच्या आधी तिथे रात्री कुत्री भुंकतात का तेही विचारा. काँगोवर मी 26 रात्री काढल्या, दोन-तीन सोडल्या तर प्रत्येक रात्री कुठून ना कुठून कुत्र्याचा आवाज आला. आणि जमलं तर सिदी मुबारक बॉम्बेवर एक पान करा. माहिती काढायला माझी पुतणी मदत करेल, ती कॉलेजात इतिहास शिकवते.

आता तुम्ही विचाराल, मग तुमच्या पापांचं नाव या पत्रात का नाही. किन्शासाला उतरताना त्यांनी माझ्याकडे त्यांचा इंजिनापाशी उभा असलेला फोटो मागितला होता, तो मी पाठवला. पेपरात नाव छापू का, हे विचारायचं मला तेव्हा सुचलं नाही. इथे येऊन कोळीवाड्यात शंभर वेळा ही गोष्ट सांगितली, तीसुद्धा 'एक पापा होते' अशीच. नाव माझ्या वहीत आहे, गावही आहे. पण न विचारता दुसऱ्याचं नाव छापायला देणं बरोबर नाही. किन्शासातल्या व्यापाऱ्याच्या दुकानात मी कालच निरोप ठेवला आहे. पापा खेपेवर असतील तर उत्तर यायला महिना-दीड महिना लागेल, कारण वर जाताना बोट प्रवाहाविरुद्ध चालते. होकार आला की त्यांचं नाव, आणि काठीवरच्या दोन्ही पोरांचीही, नीट अक्षरांत लिहून पाठवतो. तोवर दोन ओळींची जागा ठेवा.

आपला,
एक इंजिन मिस्त्री,
वरळी कोळीवाडा, मुंबई